बीमरच्या स्लाइडसाठी फाँटचे पॅकेज बसवले, तरी फाँट बदलत नाही: तपासणी कुठून सुरू करावी

बीमर म्हणजे लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत स्लाइड बनवण्याची सोय. लाटेक ज्यावर उभे आहे ते मूळ टेक. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची. जिथे घोटाळा होऊ शकतो तिथे अक्षरे सुटी करून लिहिली आहेत.

लक्षणे

"फाँट चालत नाही" या एका तक्रारीखाली निदान सात वेगळे बिघाड दडलेले असतात. आपल्याकडे यांपैकी काय दिसते ते आधी ठरवा.

- कंपाइल मध्येच थांबते आणि अमुक डॉट एस-टी-वाय फाइल (पॅकेजची मुख्य फाइल) सापडत नाही असा संदेश येतो.
- कंपाइल विनातक्रार पूर्ण होते, पण स्लाइडवर जुनाच फाँट दिसतो.
- फाँटस्पेक, म्हणजे संगणकावरचे फाँट वापरू देणारे पॅकेज, झीटेक किंवा लुआटेक इंजिन हवे म्हणून अडून बसते.
- मजकुराचा फाँट बदलतो, सूत्रांचा बदलत नाही. कधी याच्या नेमके उलट होते.
- ठळक केलेला शब्द ठळक दिसत नाही.
- मराठी मजकुराच्या जागी चौकोन किंवा मोकळी जागा येते, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात.
- पीडीएफ मोठी करून पाहिली की अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात.

यातल्या पहिल्या लक्षणातच पॅकेज खरोखर बसलेले नसण्याची शक्यता मोठी असते. बाकी बहुतेक वेळा पॅकेज जागेवर असते आणि चूक ते वापरण्यात असते. म्हणून सगळे उपटून पुन्हा बसवायला घेऊ नका. त्यात दोन तास जातात, आणि मूळ कारण दस्तऐवजात असेल तर नव्या कोऱ्या स्थापनेवरही तोच बिघाड दिसतो.

आधी एक छोटी चाचणी-फाइल

चाळीस स्लाइडच्या फाइलीत फाँट शोधू नका. बीमर क्लासची एकच फ्रेम असलेली नवी फाइल करा. तिच्यात एक साधी ओळ, एक ठळक, एक तिरपी, एक सूत्र, टंकयंत्री अक्षरांतला एक शब्द आणि हवी असल्यास एक मराठी ओळ ठेवा. थीम लावू नका, फक्त फाँटचे पॅकेज लावा. इथे फाँट नीट दिसला तर स्थापना ठीक आहे आणि दोष मूळ फाइलीतल्या थीममध्ये किंवा पॅकेजांच्या क्रमात आहे. इथेही नाही दिसला, तर पुढे वाचा.

लॉग उघडा आणि जुन्या फाइली काढा

लॉग फाइल संपादकाच्या खिडकीतल्या लाल ओळींपेक्षा खूप जास्त सांगते. तिच्यात तीन गोष्टी शोधा. पहिली, आपल्या पॅकेजचे नाव. ते पूर्ण मार्गासह दिसले तर फाइल वाचली गेली आहे, आणि ती कोणत्या फोल्डरातून वाचली हेही कळते. एकाच पॅकेजच्या दोन प्रती यंत्रावर असतील आणि जुनी वाचली जात असेल, तर ते इथेच उघड होते. दुसरी गोष्ट, "मिसिंग कॅरेक्टर" या शब्दांची ओळ. म्हणजे निवडलेल्या फाँटमध्ये ते अक्षरच नाही. तिसरी, "फाँट शेप" आणि "अनडिफाइन्ड" हे शब्द एकत्र असलेली ओळ. ठळक किंवा तिरपा प्रकार न सापडल्याने दुसराच वापरला, असा तिचा अर्थ.

मिसिंग कॅरेक्टरची ओळ फार सहज निसटते, कारण कंपाइल थांबत नाही. टेक लाइव्ह (टेकचे एक वितरण, म्हणजे तयार संच) २०२१ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या मूल्याला ३ द्या. मग गहाळ अक्षर ही थेट त्रुटी होते आणि सभागृहात मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा दिसण्याऐवजी आपल्या टेबलावरच सापडते.

लॉग वाचून झाला की त्याच नावाच्या ए-यू-एक्स, एन-ए-व्ही, एस-एन-एम, टी-ओ-सी आणि ओ-यू-टी या उपफाइली पुसून दोनदा कंपाइल करा. इंजिन किंवा भाषेचे पॅकेज बदलल्यावर जुन्या उपफाइलींतल्या आज्ञा नव्या रचनेला कळत नाहीत आणि भलत्याच त्रुटी येतात. स्थापनेशी त्यांचा काही संबंध नसतो.

इंजिन कोणते चालते आहे

लाटेक ज्या इंजिनावर चालते त्यावरून त्याला झीलाटेक, लुआलाटेक किंवा पीडीएफलाटेक म्हणतात. फाँटस्पेक आणि त्यावर उभी असलेली सगळी पॅकेजे झीलाटेक किंवा लुआलाटेकवरच चालतात. पीडीएफलाटेकवर ती सुरूच होत नाहीत. बहुतेक संपादकांत कंपाइलचे बटण मुळात पीडीएफलाटेकला जोडलेले असते, त्यामुळे आपण काय दाबतो ते एकदा तपासा. लॉगची पहिलीच ओळ इंजिनाचे नाव सांगते. ऑनलाइन संपादकात कंपाइलर निवडण्याची जागा प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये असते.

उलट बाजूही आहे. पीडीएफलाटेकसाठी केलेली जुनी फाँट-पॅकेजे इनपुटएन्क आणि टी-१ फाँटएन्क (मजकुराचे आणि फाँटचे अक्षर-संकेत ठरवणारी पॅकेजे) गृहीत धरतात. हीच जोडी फाँटस्पेकच्या शेजारी ठेवली की काही अक्षरे बदलतात, काही गायब होतात. नव्या इंजिनावर गेल्यावर त्या दोन ओळी काढून टाका.

बीमरची सगळ्यात फसवी गोष्ट

कंपाइल बिनचूक होऊनही फाँट जुनाच राहतो, त्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे. बीमर स्लाइडचा मजकूर मुळातच सॅन्स कुटुंबात लावते, म्हणजे टोकांना पाय नसलेल्या अक्षरांत. लेखासाठी आपण सेटमेनफाँट ही आज्ञा वापरतो, ती रोमन कुटुंब बदलते. बीमरमध्ये ती आज्ञा मुकाट्याने मानली जाते, रोमन कुटुंब बदलतेही, पण स्लाइडवर ते कुठे वापरलेलेच नसते. त्रुटी नाही, इशारा नाही, बदलही नाही.

उपाय दोन. हवा तो फाँट सेटसॅन्सफाँट या आज्ञेने द्या. किंवा खरोखरच पाय असलेली अक्षरे हवी असतील तर यूजफाँटथीम या आज्ञेला सेरिफ हे नाव द्या, मग सेटमेनफाँटही परिणाम दाखवेल. बॅबेल (भाषांचे पॅकेज) वापरत असाल तर बॅबेलफाँटला आर-एम नव्हे, एस-एफ हे कुटुंब सांगा.

दुसरा फसवा भाग क्रमाचा. काही थीम स्वतःचा फाँट स्वतःच लावतात. मेट्रोपोलिस थीम झीलाटेक किंवा लुआलाटेकवर फिरा सॅन्स शोधते आणि सापडला तर सॅन्स कुटुंबात बसवते. आपली सेटसॅन्सफाँटची ओळ यूजथीमच्या आधी असेल तर थीम ती पुसून टाकते. फाँटची निवड नेहमी थीमच्या ओळीनंतर लिहा. फिरा सापडला नाही तर ही थीम फक्त इशारा देऊन पुढे जाते, म्हणून "थीम आली पण फाँट आला नाही" अशी तक्रार तिच्याबाबत पुन्हापुन्हा होते.

मजकूर बदलला पण स्लाइडचे शीर्षक तसेच राहिले, तर थीमने फ्रेमटायटल या घटकाला वेगळा फाँट दिलेला असतो. तो सेटबीमरफाँटने बदलायचा.

नावांचा घोळ

फाइल सापडत नाही असे आले की आधी स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरे पाहा. लिनक्सवर त्यांत फरक धरला जातो. फिरा सॅन्सच्या डॉट एस-टी-वाय फाइलीच्या नावात दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर मोठे आहे. सगळे लहान लिहिले तर विंडोजवर कदाचित चालून जाईल, लिनक्सवर नाही.

त्याहून मोठी अडचण ही, की बसवायच्या पॅकेजचे नाव आणि दस्तऐवजात लिहायचे नाव एकच असेल असे नाही. टेक लाइव्हमध्ये पॅकेज आहे "फिरा", त्यातली फाइल आहे "फिरासॅन्स". पॅकेज आहे "बीमरथीम", जोडरेघ, "मेट्रोपोलिस". फाइल आहे जोडरेघेशिवाय "बीमरथीममेट्रोपोलिस". आणि यूजथीमच्या कंसात लिहायचे फक्त "मेट्रोपोलिस". बीमर ते उपपद स्वतः जोडते. फाँट-थीमचेही तसेच: यूजफाँटथीमला अमुक नाव दिले की बीमर "बीमरफाँटथीम" हे उपपद लावून त्या नावाची फाइल शोधते. म्हणून त्रुटीच्या संदेशात आपण न लिहिलेले लांबलचक नाव दिसले तर गोंधळू नका. शोधायची असते ती नेमकी तीच फाइल.

कोणती फाइल कोणत्या पॅकेजात आहे हे टी-एल-एम-जी-आर (टेक लाइव्हचा पॅकेज व्यवस्थापक) स्वतः सांगते. त्याला सर्च ही आज्ञा, ग्लोबल आणि फाइल हे दोन पर्याय आणि फाइलीचे नाव द्या.

फाइल टेकला दिसते का

टर्मिनलमध्ये के-पी-एस-ई-व्हिच ही आज्ञा आणि पुढे विस्तारासह फाइलीचे नाव लिहा. उत्तरात मार्ग आला तर टेकला फाइल दिसते. काहीच आले नाही तर दिसत नाही, मग ती डिस्कवर तुमच्या डोळ्यांसमोर का असेना. या एका आज्ञेने "बसले आहे की नाही" हा वाद मिटतो.

उत्तर रिकामे आले तर सरळ रस्ता पॅकेज व्यवस्थापकाचा. टेक लाइव्हवर टी-एल-एम-जी-आर इन्स्टॉल, मिकटेक या दुसऱ्या वितरणावर मिकटेक कन्सोल. डेबियन आणि उबंटू यांच्या भांडारातून टेक लाइव्ह घेतले असेल तर टी-एल-एम-जी-आरच्या मागे लागू नका, तिथे ते फक्त वापरकर्त्यापुरते चालते. त्याऐवजी व्यवस्थेच्या भांडारातून टेकलाइव्ह-फाँट्स-एक्स्ट्रा हा गठ्ठा घ्या. तो आकाराने मोठा आहे, पण फिरासारखी बरीच फाँट-पॅकेजे एकदम येतात.

दूरचे भांडार स्थानिक आवृत्तीपेक्षा नवे आहे असे टी-एल-एम-जी-आर म्हणत असेल, तर तुमची टेक लाइव्ह गेल्या एखाद्या वर्षाची आहे. टेक लाइव्हची आवृत्ती दरवर्षी निघते आणि जुने वर्ष गोठवले जाते. दोन मार्ग उरतात: या वर्षाची आवृत्ती शेजारी नव्याने बसवणे, किंवा भांडाराचा पत्ता त्या जुन्या वर्षाच्या गोठवलेल्या संग्रहाकडे वळवणे. घाई असेल तर दुसरा.

मिकटेकवर एक खास खोड आहे. प्रशासक म्हणून केलेले बदल आणि साधा वापरकर्ता म्हणून केलेले बदल वेगळे साठतात. एका बाजूला पॅकेज बसवले आणि अद्ययावत दुसऱ्या बाजूला केले, की जुन्या-नव्या फाइलींची सरमिसळ होते. दोन्ही बाजूंनी अपडेट करा आणि नंतर फाइलनावांची यादी ताजी करण्याची आज्ञा द्या.

हाताने बसवायचे असेल तर

पॅकेज भांडारात नसेल तेव्हाच हा मार्ग घ्या. उतरवलेल्या गठ्ठ्यात फक्त डी-टी-एक्स आणि आय-एन-एस या विस्ताराच्या फाइली असतील, तर डॉट एस-टी-वाय अजून जन्मलेलीच नाही. आय-एन-एस फाइलीवर लाटेक चालवा, ती तयार होईल. बरेच जण इथेच अडतात.

मग फाइली स्वतःच्या टेक्सएमएफ फोल्डरात ठेवा. त्याचा पत्ता के-पी-एस-ई-व्हिचला व्हार-व्हॅल्यू पर्याय आणि टेक्सएमएफहोम हे नाव देऊन मिळतो. लिनक्सवर तो सहसा घरच्या फोल्डरातला टेक्सएमएफ असतो, मॅकवर लायब्ररीच्या आतला. आतली मांडणी ठरलेली आहे: डॉट एस-टी-वाय फाइली टेक, त्यात लाटेक, त्यात पॅकेजच्या नावाचा फोल्डर अशा ठिकाणी, ओपनटाइप फाँट फाँट्स, त्यात ओपनटाइप अशा ठिकाणी. सगळे एकाच फोल्डरात कोंबले तर फाँटच्या फाइली शोधल्या जात नाहीत, कारण टेक प्रत्येक प्रकारासाठी वेगळ्या फांदीत पाहते. मिकटेकवर या फोल्डराची नोंद कन्सोलच्या सेटिंगमध्ये डिरेक्टरीजखाली करावी लागते.

वितरणाच्या मूळ झाडात (फोल्डरांच्या रचनेत) मात्र हात घालू नका. पुढच्या अपडेटमध्ये तिथली फाइल पुसली जाऊ शकते. सगळ्या वापरकर्त्यांसाठी बसवायचे असेल तर टेक्सएमएफ-लोकल वापरा आणि नंतर एम-के-टेक्स-एल-एस-आर चालवा. तिथे टेक डिस्क चाळत नाही, फाइलनावांची तयार यादी वाचते. यादी जुनी असेल तर नवी फाइल अदृश्यच राहते. टेक्सएमएफहोमसाठी ही यादी लागत नाही. प्रशासक म्हणून नक्कल केलेल्या फाइली इतरांना वाचता येतात ना, हेही पाहा. परवानगी फक्त प्रशासकाला असेल तर फाइल असूनही उघडत नाही.

फाँट नावाने सापडत नाही तेव्हा

डॉट एस-टी-वाय सापडली, पण फाँटस्पेक म्हणते अमुक फाँट नाही. लिनक्सवर झीटेक नावाने फाँट शोधताना व्यवस्थेच्या फाँटकॉन्फिगला (यंत्रावरच्या फाँटची नोंद ठेवणाऱ्या सोयीला) विचारते, आणि टेक लाइव्हच्या पोटातले फाँट फाँटकॉन्फिगला आपोआप माहीत नसतात. एफ-सी-लिस्टच्या यादीत फाँट आहे का पाहा. नवा फाँट टाकल्यावर एफ-सी-कॅश चालवा. लुआलाटेक स्वतःची नावांची यादी ठेवते. ती लुआओटीएफलोड-टूलला अपडेट पर्याय देऊन नव्याने बनते, आणि पहिल्या वेळी काही मिनिटे लागली तर यंत्र अडकले असे समजू नका. विंडोजवर फाँट बसवताना "सर्व वापरकर्त्यांसाठी" हा पर्याय घ्या, एकट्या वापरकर्त्यापुरता बसवलेला फाँट वेगळ्या फोल्डरात जातो.

या सगळ्यातून सुटण्याची एक पद्धत आहे आणि स्लाइडसाठी तीच सर्वांत भरवशाची: फाँट नावाने न मागता फाइलीने मागा. फाँटच्या फाइली प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवा, फाँटस्पेकला पाथ, एक्स्टेन्शन, अपराइटफाँट, बोल्डफाँट आणि इटॅलिकफाँट हे पर्याय स्पष्ट द्या. ठळक अक्षरे ठळक न होण्याचा प्रश्नही यातच सुटतो, कारण कोणती फाइल ठळक हे अंदाजावर राहत नाही. फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्रावर नेला तरी निकाल तोच येतो.

मराठी मजकूर

चौकोन दिसले तर फाँटमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. फिरा सॅन्समध्ये ती नाहीत, लॅटिन मॉडर्नमध्येही नाहीत. नोटो सॅन्स देवनागरी, मुक्त (एम-यू-के-टी-ए) किंवा लोहित देवनागरीसारखा फाँट वेगळे कुटुंब म्हणून जोडावा लागतो.

अक्षरे आली पण वेलांटी आणि जोडाक्षरे मोडली, तर फाँट बदलून उपयोग नाही. फाँटस्पेकला स्क्रिप्ट या पर्यायात देवनागरी सांगितलेले नसते, त्यामुळे फाँटमधले जोडाक्षरांचे नियम लागूच होत नाहीत. लुआलाटेकवर त्यासोबत रेंडरर या पर्यायात हार्फबझ (अक्षरे जोडून योग्य आकार देणारी सोय) द्या. टेक लाइव्ह २०२० पासून लुआलाटेकमध्ये हार्फबझ आत आलेले आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर मराठीसाठी झीलाटेक वापरा. लँग्वेज पर्यायात मराठी लिहिल्यास, ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत तिथे ते येतात. स्लाइडच्या मोठ्या आकारात हिंदी वळणाचा ल लगेच डोळ्यांत खुपतो, म्हणून हा पर्याय विसरू नये.

मराठी आणि इंग्रजी एकाच ओळीत मिसळून येत असेल तर लुआलाटेकवर बॅबेलची सोय वापरा. बॅबेलप्रोव्हाइडला मराठी आयात करायला सांगून ऑनकॅर पर्यायात आयडीज आणि फाँट्स द्या, मग प्रत्येक शब्दाला आज्ञा न लावता लिपीनुसार फाँट आपोआप बदलतो. झीलाटेकवर ही सोय नाही. दोन लिप्यांचा आकार जुळवताना लहान रोमन अक्षरांशी मापणारा पर्याय घेऊ नका, देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात. स्केलला १.१ पासून सुरुवात करून डोळ्यांनी ठरवा.

चाचणीच्या ओळीत ज्ञान, क्षितिज, श्रीमंत, द्वंद्व, किल्ल्यात, वाऱ्यावर आणि ॲप हे शब्द ठेवा. वाऱ्यावरमधला ऱ्य चुकीचा दिसला तर फाँट मराठीसाठी नीट तपासलेला नाही. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, म्हणून जुन्या फाँटमध्ये त्याची जागा रिकामी असते.

आणि मजकूर जुन्या छपाईच्या फाइलीतून चिकटवला असेल तर तो युनिकोड आहे का ते आधी पाहा. श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांचाच असतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, टेककडे त्यावर उपाय नाही.

सूत्रे आणि खडबडीत कडा

बीमर सूत्रांनाही सॅन्स अक्षरे लावू पाहते. तुमचे पॅकेज सूत्रांचा फाँट स्वतः लावत असेल तर दोघांची ओढाताण होते. यूजफाँटथीमला प्रोफेशनलफाँट्स द्या, बीमर सूत्रांना हात लावणार नाही. उलट मजकुराचा फाँट सूत्रांत घुसत असेल तर फाँटस्पेकला नो-मॅथ पर्याय द्या. फिरा सॅन्सच्या जोडीला फिरा मॅथ उपलब्ध आहे.

खडबडीत कडा हा पीडीएफलाटेकचा विकार. टी-१ एन्कोडिंग निवडले आणि सी-एम-सुपर (त्या एन्कोडिंगचे गुळगुळीत कडांचे फाँट) बसलेले नसेल तर बिंदूंनी बनलेली अक्षरे वापरली जातात. पीडीएफ-फाँट्स ही आज्ञा चालवून प्रकाराच्या रकान्यात "टाइप ३" दिसते का पाहा. एल-मॉडर्न पॅकेज लावले की बहुतेक वेळा काम होते. त्याच यादीत ई-एम-बी या रकान्यात सगळीकडे "येस" हवे. "नो" असेल तर तो फाँट पीडीएफच्या आत गेलेला नाही आणि दुसऱ्या संगणकावर भलताच दिसेल.

नकाशा फाइल: सर्वांत शेवटी

पीडीएफलाटेकचा जुन्या पद्धतीचा फाँट हाताने बसवला असेल तर त्याचा नकाशा (फाँटच्या नावाला त्याची फाइल जोडणारी यादी) अपडी-मॅप या आज्ञेला कळवावा लागतो. २०१७ पासून टेक लाइव्ह इथे सिस (सगळ्या यंत्रासाठी) की यूजर (फक्त तुमच्यापुरते) हे स्पष्ट विचारते. सिसच निवडा. यूजर एकदा चालवले की तुमच्यापुरती वेगळी नकाशा-फाइल बनते आणि ती कायम मूळ फाइलीच्या पुढे उभी राहते. त्यानंतर व्यवस्थेत बसवलेले नवे फाँट तुम्हालाच दिसत नाहीत, बाकी सगळ्यांना दिसतात. आधी कोणी यूजर चालवले असेल तर घरच्या फोल्डरात लपलेल्या टेक लाइव्हच्या व्हार विभागातल्या त्या नकाशा-फाइली बाजूला हलवा आणि पुन्हा तपासा.

इथे थांबा

यंत्र संस्थेचे असेल आणि प्रशासकाचा अधिकार नसेल तर परवानग्या वाकवू नका. टेक्सएमएफहोम किंवा प्रकल्पाच्या फोल्डरातले फाँट वापरा. तेवढ्याने भागत नसेल तर संगणक विभागाला पॅकेजचे नेमके नाव, के-पी-एस-ई-व्हिचचे उत्तर आणि लॉगची पहिली काही पाने पाठवा. एवढे हाती असले की त्यांचे काम फार लवकर होते.

एकच फाँट दोन्ही इंजिनांवर आणि दुसऱ्या यंत्रावरही तीच चूक दाखवत असेल तर दोष फाँटच्या फाइलीत आहे. तो फाँट बनवणाऱ्यालाच दुरुस्त करता येतो. चुकणारा शब्द आणि फाँटची आवृत्ती त्यांना कळवा.

विकत घेतलेल्या फाँटचा परवाना पीडीएफमध्ये फाँट घालण्यास मनाई करत असेल तर तांत्रिक पळवाट शोधू नका. परवानाधारकाला विचारा किंवा मुक्त फाँट घ्या.

अपडी-मॅप नंतरही साध्या चाचणी-फाइलीत फाँट येत नसेल आणि झाडात कोणी काय हलवले हे कळत नसेल, तर ते झाड जुळवत बसू नका. आपले टेक्सएमएफहोम जपून ठेवा, वितरण पूर्ण काढा आणि या वर्षाचे नवे बसवा. आणि सादरीकरण काही तासांवर आले असेल तर तेही करू नका. फाँटची ओळ बंद करा, बीमरच्या मूळ फाँटमध्ये पीडीएफ काढा आणि प्रत्येक स्लाइडवर ओळी कुठे तुटतात ते एकदा पाहून घ्या, कारण फाँट बदलला की रुंदी बदलते आणि खालची ओळ स्लाइडबाहेर जाऊ शकते.